चौदा नंबरचा खांब

गेल्या ऑगस्टमध्ये मी आमच्या गाडीला नवे वायपर घ्यायचं ठरवलं. सगळं तिथून सुरू झालं.

गाडी एकवीस वर्षांची. रंग पूर्वी निळा होता. नवे वायपर लावल्यावर काच स्वच्छ झाली, आणि स्वच्छ काचेतून येणाऱ्या उजेडात आतला रेडिओ फारच जुनाट दिसायला लागला. म्हणून रेडिओ बदलला. नव्या रेडिओला शोभतील असे स्पीकर घेतले. मग रस्ता सांगणारं यंत्र आलं. ते एका स्वीडनच्या माणसाकडून जुनं घेतलं असल्यामुळे फक्त स्वीडिश बोलतं, आणि आपण तळ्याच्या मधोमध आहोत असं त्याचं ठाम मत असतं. (फिनलंडमध्ये आमच्या इसाल्मी गावाच्या आसपास ते निम्म्या वेळा खरंही ठरतं.) शेवटी दोन्ही सीटना गरम करणारी गादी बसवली. ड्रायव्हरची सीट इतकी छान तापते की उतरावंसं वाटत नाही. शेजारची मात्र पहिल्या दिवसापासून थंड. तिथे माझी बायको मार्युत बसते. तिला मी सांगितलं होतं, बघतो कधीतरी.

मी नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खात्यात कारकून आहे. कोणती इमारत पाडावी आणि कोणती डागडुजी करून ठेवावी, हे मी लोकांना रोज सांगतो. त्यामुळे गाडीच्या बाबतीत मला कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. मार्युतने तरी दिलाच. "इल्मारी," ती म्हणाली, "तू या गाडीत गाडी सोडून सगळं बदललंस."

तिच्या बोलण्याला कारण होतं, हे मी मान्य करतो. मार्युत चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. डिसेंबरात निवृत्त पोस्टमास्तरांचा अंत्यविधी होता आणि नेमकी त्या सकाळी आमची गाडी सुरूच झाली नाही. रेडिओ लागला, स्पीकर लागले, यंत्राने स्वीडिशमधून शुभप्रभात म्हटलं, पण इंजिन काही हललं नाही. मार्युत पोहोचेपर्यंत लोकांनी ऑर्गनशिवायच भजन म्हणून घेतलं होतं. बायकांनी वरच्या पट्टीत धरलं, पुरुषांनी खालच्या, आणि बायका एक कडवं आधी संपवून पुरुषांची वाट बघत उभ्या राहिल्या. पोस्टमास्तरांच्या विधवेने आजतागायत तक्रारीचा एक शब्द काढलेला नाही. आमच्याकडे याचा अर्थ फार वाईट होतो.

 त्यानंतर तिसऱ्या दिवशी मार्युतने कराराचा कागद लिहून फ्रिजवर लावला. सहा जानेवारीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत गाडी रोज सकाळी सुरू झाली पाहिजे. झाली, तर गाडी राहील आणि ती पुन्हा विषय काढणार नाही. एक सकाळ जरी चुकली, तर नवी गाडी, आणि ती मार्युत निवडणार. मी सही केली. मला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आमची मुलगी याच गाडीतून दवाखान्यातून घरी आली होती, आणि परवा कॉलेजला गेली तीही याच गाडीतून. पण हे बोलून दाखवण्याची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी इंजिनाच्या ताकदीबद्दल बोललो.

शुक्रवारी सोसायटीच्या सॉनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, पुरुषांची पाळी असते. मी तिथे शेजारच्या वेइक्कोसमोर विषय काढला. वेइक्कोने तीस वर्षं बस चालवली आहे आणि तो सॉनाच्या एका बैठकीला एकच वाक्य बोलतो. मी सगळी हकीकत सांगितली. त्याने तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ गेली. परत टाकलं. मग म्हणाला, "रात्रभर इंजिन गरम ठेव."

एवढं मलाही माहीत होतं. आमच्या अंगणात प्रत्येक गाडीपुढे कमरेएवढा विजेचा खांब आहे. त्याच्या पेटीतून निघालेली वायर गाडीच्या बंपरमध्ये खोचायची, पेटीतल्या घड्याळावर वेळ लावायची, की सकाळी निघायच्या आधी दोन तास इंजिन गरम व्हायला लागतं. सकाळी वायर काढायची आणि निघायचं. हे इथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं. आमचा खांब चौदा नंबरचा.

मी इंजिनाचा हीटर नवा घातला, बॅटरी नवी घेतली. जानेवारी पार पडला. फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र एके सकाळी वायर बंपरमधून निसटून बर्फात पडलेली दिसली. गाडीने एवढे आढेवेढे घेतले की माझ्या डोळ्यांपुढे मार्युतची नवी गाडी उभी राहिली. शेवटी एकदाची सुरू झाली. त्याच संध्याकाळी मी बंपरला पोलादी चाप बसवला आणि वायर त्यात आवळून टाकली. पेटीच्या बाजूलाही तसाच एक चाप. आता ती वायर वादळातही सुटली नसती. सोसायटीच्या अध्यक्ष केर्तूबाई तेवढ्यात कचरा टाकायला आल्या होत्या. त्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका. त्यांनी चाप पाहिला, मला पाहिलं.

"सकाळी सुटेल ना हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दोन मिनिटं लागतील, पण काळजी नको."

त्या म्हणाल्या, "काळजी मी करत नाही, इल्मारी. मी फक्त विचारलं."

शेवटची सकाळ शुक्रवारची होती. उणे अठ्ठावीस. बिशप तपासणीला येणार होते आणि मार्युतला साडेसहाला ऑर्गनपाशी हजर राहायचं होतं. सहाला आम्ही गाडीत बसलो. ती थंड सीटवर, मांडीवर सुरावटींच्या वह्यांची पिशवी घेऊन. मी माझ्या उबदार जागी. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. असा आवाज तिने दहा वर्षांत केला नव्हता. मी मार्युतकडे पाहिलं. मला काही बोलायचं नव्हतं, फक्त पाहायचं होतं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "बरं. जिंकलास."

हे दोन शब्द ऐकल्यावर माणूस उतरून वायर काढायला जात नाही. मी रिव्हर्स टाकला. गाडी जरा अडली. बर्फ साचला असेल म्हणून मी ॲक्सिलरेटर जोरात दाबला, आणि गाडी सुटली.

थोड्या वेळाने मार्युत म्हणाली, "खालून काहीतरी वाजतंय."

"बर्फ," मी म्हटलं.

"बर्फ धातूसारखा वाजत नाही."

"उणे अठ्ठावीसला वाजतो."

तिचा कान तयार आहे. तो आवाज कोणत्या सुरात आहे हेही तिने सांगितलं. मी रेडिओ मोठा केला. नव्या स्पीकरांनी आपलं काम चोख केलं आणि चर्चपर्यंत आम्हाला दुसरं काही ऐकू आलं नाही.

बिशप लवकर आले होते आणि पायऱ्यांवर उभे होते. मी उतरून त्यांना नमस्कार केला. ते माझ्याशी हात मिळवताना खाली बघत होते.

"तुमच्या गाडीखालून काहीतरी डोकावतंय," ते म्हणाले.

पुढच्या चाकाशेजारी एक करडी लोखंडी पेटी होती. एका बाजूला माझा चाप शाबूत, दुसऱ्या बाजूला खांबाचा फूटभर तुकडा. पेटीवर पांढऱ्या अक्षरांत चौदा लिहिलेलं होतं. मार्युतने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाजवायला आत गेली. त्या सकाळी तिने फार सुंदर वाजवलं असं नंतर सगळे सांगत होते. राग असला की तिचा हात चांगला चालतो.

मी पेटी मागच्या डिकीत घातली आणि घरी निघालो. तोवर पावणेआठ झाले होते. एक खांब मोडला की सगळ्या रांगेची वीज जाते, हे मला तोवर सुचलं नव्हतं. सहा वाजता निघालेला मी एकटाच. बाकीच्यांची घड्याळं त्यानंतरची लावलेली. अंगणात सात गाड्या पांढऱ्याफटक उभ्या होत्या आणि प्रत्येकीजवळ तिचा मालक. चौदा नंबरच्या जागी एक खुंट उरला होता आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते. मग सगळे माझ्या गाडीकडे पाहायला लागले. ती मस्त गुरगुरत होती.

"सुप्रभात, इल्मारी," केर्तूबाई म्हणाल्या. "दोन मिनिटं वाचवलीस वाटतं."

मी म्हटलं, मी सगळ्यांना सोडतो. दुसरं काय म्हणणार? तीन फेऱ्या झाल्या. शाळा, दवाखाना, लाकडाची गिरणी. मी ऑफिसला पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. वाटेत कुणी रागावलं नाही. उलट प्रत्येकाने उतरताना गाडीच्या टपावर थाप मारली आणि म्हटलं, गाडी चांगली आहे. वेइक्को शेवटच्या फेरीत होता. त्याला कुठे जायचंच नव्हतं, तो निवृत्त आहे. नुसता बसायला आला होता. उतरताना त्यानेही तेच म्हटलं, पण 'गाडी' या शब्दावर जरा थांबून.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मार्युत फ्रिजपुढे उभी राहून करार वाचत होती. मला वाटलं, संपलं. अंगणातून गाडी ओढून नेणारे डोळ्यांपुढे दिसायला लागले. मी म्हटलं, तुला हवी ती गाडी घेऊ, मी काही बोलणार नाही.

"गाडी रोज सुरू झाली," ती म्हणाली. "करार म्हणजे करार. गाडी राहील. तिची काहीच चूक नाही."

सोमवारी सोसायटीची सभा झाली. नवा खांब मंजूर झाला, एका अटीवर. केर्तूबाईंनी ती स्वच्छ अक्षरांत लिहून जिन्यात लावली, आणि तेवढ्यावर न थांबता खाली रेघही मारली. चौदा नंबरच्या पेटीची किल्ली आणि गाडीची किल्ली, दोन्ही मार्युतकडे राहतील. सभेत विरोधात एकही हात वर झाला नाही. (माझाही नाही. मार्युत शेजारीच बसली होती.)

तेव्हापासून गाडी मार्युत चालवते. सकाळी मी वायर काढतो, गुंडाळतो आणि तिला दाखवतो. दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय ती किल्ली फिरवत नाही. मग मी वायर मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसतो. मार्चमध्येही ती सीट म्हणजे नुसता बर्फ. काल मी सहज म्हटलं, ही गादी एकदा बघायला हवी, दुरुस्त तरी करावी किंवा सरळ नवी घ्यावी.

"बघू कधीतरी," मार्युत म्हणाली आणि आपल्या सीटच्या गादीची ऊब एक घर वाढवली.