रांजणाचा इंग्रजी प्रयोग

तपासणी आठ दिवसांवर आली, तसे मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी सगळ्या शिक्षकांना एकेक पाठ वाटून दिला. अंबड तालुक्यातल्या त्या हायस्कुलात तपासणीचा पाठ शिकवत नसत, नाटकासारखा बसवत. कोणत्या पोरानं काय उत्तर द्यायचं, कोणी नुसता हात वर करायचा, सगळं ठरलेलं. इंग्रजीचे मास्तर दिवाळीतच बदली घेऊन गेले होते, म्हणून नववीचं इंग्रजी विज्ञानाच्या सत्यशीलाबाईंच्या गळ्यात पडलं होतं.

"मॅडम, तुम्ही 'रन आउट' घ्या," अण्णासाहेब म्हणाले. "दोनच शब्द हायेत. पोरांकडून पाठ करून घ्या, बस."

"अर्थ कळल्याशिवाय पाठ करून काय उपयोग, सर?"

"अर्थ साहेबाला म्हाईत हाय. तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

व्हायचं होतं. तिचे वडील अप्पाराव दुष्काळी कामावर खडी फोडून आता खोकत घरी बसले होते. साहेबांचा शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर जूनमध्ये तीही खडीवर.

तरीही पाठांतर तिला जमेना. जे हाताला लागत नाही ते डोक्यात राहत नाही, असा तिचा अनुभव होता. 'रन आउट' म्हणजे असलेलं वापरता वापरता संपणं. त्र्याहत्तरच्या एप्रिलात उदाहरणांना तोटा नव्हता. विहिरी संपल्या होत्या, कडबा संपला होता, शेजारच्या केशरबाईच्या गोठ्यातली जनावरं संपली होती. पण प्रयोगाला मोजता येईल असं काही हवं. व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता.

त्या रांजणाचा एक रिवाज होता. शिपाई पुंजारामशिवाय त्यात कोणी काही बुडवायचं नाही. बाकीच्या पोरांना तो पेल्यानं पाणी देई, बौद्धवाड्यातल्या पोरांना वरून ओंजळीत. सत्यशीलाही तशाच घरातली, ती आपली बाटली घरून आणी. असं का, म्हणून कोणी विचारलं तर अण्णासाहेब म्हणत, "पाणी सांडू न्हाई म्हणून." ओंजळीतून जास्त सांडतं, हे सत्यशीलानं पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं.

तपासणीच्या दिवशी पहिल्या तासाला तिनं प्रयोगशाळेतलं एक लिटरचं माप आणि दोन घासलेल्या बादल्या घेतल्या. एकतीस पोरांची रांग लावली. प्रत्येकानं रांजणातून एक माप घ्यायचं, बादलीत ओतायचं आणि पाणी उरलंय का ते इंग्रजीत सांगायचं. अठ्ठावीस जणांनी उरलंय म्हणून सांगितलं. एकोणतिसावी द्वारका. तिनं खांद्यापर्यंत हात घातला, माप तळाला खरखरलं. ती वळून म्हणाली, "द वॉटर हॅज रन आउट, बाई." आणि मागचा अख्खा वर्ग कोणी न सांगता तेच म्हणाला.

थेंब सांडला नव्हता. "पुंजाराम, हे परत रांजणात ओता," सत्यशीला म्हणाली.

पुंजारामनं बादल्यांना हात लावला नाही. तो अण्णासाहेबांना घेऊन आला. त्यांनी बादल्या पाहिल्या, मग रांग पाहिली.

"सगळ्यांनीच हात घातले?"

"माप घातलं, सर. शेवटी एक हात गेला, तोही कोरडाच आला."

"मी तसं न्हाई म्हणून राह्यलो." त्यांनी घसा खाकरला. "पुंजाराम, हे लिंबाच्या रोपाला घाल. झाडं जगवा म्हणून सर्क्युलर आल्तं."

"सर, टँकर कालच येऊन गेला. आज यायचा नाही."

"साहेब येऊन राह्यले म्हणल्यावर येतो बराबर. निरोप धाडलाय मी."

अठ्ठावीस लिटर पाणी वीतभर रोपाला गेलं. रोप फाल्गुनातच वाळलं होतं.

टँकर आला नाही. साहेब आले, भर बाराला, मोटरसायकलवरून, भुवयांपर्यंत धूळ घेऊन. खुर्चीवर बसण्याआधी म्हणाले, "पाणी." पुंजाराम अण्णासाहेबांकडे बघू लागला. सत्यशीलाची बाटली एकतीस जणांनी मघाशीच तोंड लावून संपवली होती.

"साहेब, या मॅडमनी सारं पाणी प्रयोगात संपवलं," अण्णासाहेब म्हणाले.

साहेब तसेच नववीत गेले. "व्हॉट इज द मीनिंग ऑफ रन आउट?" त्यांचा आवाज वाळलेल्या भाकरीच्या कडेसारखा झाला होता. एकतीस हात वर झाले, आणि वर न थांबता रांजणाकडे वळले.

"द वॉटर हॅज रन आउट, सर."

साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "अर्थ बरोबर. उपयोग बरोबर," ते म्हणाले, पण आनंद काही दिसला नाही. शेरेबुकात त्यांनी इंग्रजीत लिहिलं: दुष्काळात पाणी वाया कसं गेलं, मुख्याध्यापकांनी आठ दिवसांत लेखी खुलासा करावा, शिक्षिकेला कायम करायचं की नाही, ते खुलासा पाहून ठरेल. आणि पुढच्या गावी पाणी शोधायला गेले.

अण्णासाहेब निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. इंग्रजी त्यांना सहीपुरतं येई, पण सही मोठी झोकदार. दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्यशीलाला बोलावलं.

"शेरा इंग्रजीत हाय, मंग खुलासाही इंग्रजीतच गेला पाह्यजे. शाळेची शान राह्यते. लिवा, सदर शिक्षिकेच्या निष्काळजीपणानं पाणी वाया गेलं."

"हे मीच लिहायचं?"

"मंग कोन लिवनार? इंग्रजी तर तुम्हालाच येतं."

ती बसली. वेळ लिहिली, माप लिहिलं, लिटर लिहिले. बादल्या कोणी भरल्या, कोणी पाहिल्या, पाणी कुठं ओतायचा हुकूम कोणी दिला आणि कोणाकोणाचे हात पाहून दिला, ते क्रमानं लिहिलं. विशेषण एकही घातलं नाही.

"तुम्ही सांगितलं ते नाही लिहिलं, सर. घडलं ते लिहिलंय. वाचून दाखवू?"

"एकच झालं की ते. आना इकडं," म्हणत अण्णासाहेबांनी सही केली. सहीच्या शेवटच्या अक्षरापासून निघालेली रेघ पार कागदाच्या काठापर्यंत नेली.

मे महिन्यात वरून उत्तर आलं, मराठीत. अण्णासाहेबांनी ते सगळ्या शिक्षकांसमोर उभं राहून वाचायला घेतलं.

"'मुख्याध्यापकांनी आपली चूक व तिचे कारण स्वतःच्या सहीने मोकळेपणाने कबूल केले, हे विशेष.'" इथवर आवाज चढा होता. "'शिक्षिकेस कायम करण्यात येत आहे. मुख्याध्यापकांकडून असा प्रकार पुन्हा घडल्यास...'" पुढचं त्यांनी मनात वाचलं.

"कोनती चूक?" ते म्हणाले.

शिक्षकांनी हजेरीपटात डोकी घातली. सत्यशीलानं फायलीतून खुलाशाची प्रत काढली.

"मराठीत सांगू का, सर?"

अण्णासाहेबांनी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "नको," ते म्हणाले. "कळली."

दारात पुंजाराम उभा होता. त्यानं टोपी काढून काखेत धरली.

"मला न्हाई कळली," तो म्हणाला. "वाचा, बाई."