लाभ, दोन, तीन

आमच्या नानांच्या व्यायामात एक हा आकडाच नाही. मोबाइलमधला मास्तर "वन" म्हणतो तेव्हा नाना "लाभ!" म्हणतात, तेही असे की गल्लीतून जाणारा दूधवाला आधी किटली सांभाळतो. पुढचं दोन, तीन, चार सगळ्या जगासारखं. व्यायामाचा नवा प्रकार सुरू झाला की पुन्हा "लाभ!"

त्याचं कारण असं की नाना विदर्भातल्या रिसोडच्या बाजारात उभी हयात मापारी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. विकणाऱ्यालाही बरं वाटतं आणि घेणाऱ्यालाही. पुढे बाजारात इलेक्ट्रिक काटे आले, आकडा काटाच दाखवायला लागला आणि नाना घरी बसले. आवाज मात्र घरी बसायला तयार नव्हता.

मी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहते आणि ब्लाउज शिवते. मूळची मी कोकणातली. आठवीनंतर शाळा सुटली, शिलाई शिकले, लग्न झालं. नवरा सोयाबीन काढायच्या मशीनवर ड्रायव्हर. ते मशीन या शिवारातून त्या शिवारात फिरतं, त्याच्यामागे तोही. एकट्या राहणाऱ्या बाईला खोली द्यायला इथे कुणी धजत नव्हतं. नानांनी एकच प्रश्न विचारला होता.

"शिलाईची मशीन दिवसभर वाजते काय?"

मी घाबरत म्हटलं, "वाजते."

"मंग राह्य. घरात कायतरी वाजलं पाह्यजे."

नानांच्या बायकोला, काकूंना, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या एका वाक्यावर मी या गावात उभी आहे, हे मी विसरत नाही.

आता व्यायाम कसा सुरू झाला ते सांगते. मागच्या थंडीत एका सकाळी नाना न्हाणीत गेले ते बाहेरच येईनात. मी दारातून हाक मारली, "नाना, पडलात का?"

आतून उत्तर आलं, "पडलो नाही वं माय. बसलो. फक्त उठनं बाकी हाय."

शेजारच्या दोघांनी मिळून त्यांना उठवलं. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून त्यांची लेक आली, सुनंदाताई. एकुलती एक. आल्या आल्या त्यांनी नानांची बॅग भरायला घेतली.

"बाबा, आता एकट्यानं राहाचं नाही. चला पुण्याले."

"पुण्यात मी काय करू? गॅलरीत बसून लोकाईच्या गाड्या मोजू?"

"अन् इथं पुन्हा पडले तं?"

"बसलो होतो म्हनलं ना!"

दोन दिवस भांडण चाललं. मी आपली मशीनवर मान खाली घालून ऐकत होते. नाना गेले की घराला कुलूप, आणि घराला कुलूप म्हणजे मलाही रस्ता. शेवटी तोड निघाली. सुनंदाताईंनी नानांच्या मोबाइलवर म्हाताऱ्या माणसांच्या व्यायामाचे व्हिडिओ लावून दिले. ते रोज करायचे. रोज संध्याकाळी त्या व्हिडिओ कॉल करून बघणार. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नानांनी जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि कशाचाही आधार न घेता उठून दाखवायचं. उठले तर रिसोड. नाही उठले तर पुणे.

"मंजूर," नाना म्हणाले. जसं काही पुणंच हरलं.

सतरंजीऐवजी त्यांनी सोयाबीनचं रिकामं पोतं अंथरलं. वजनं म्हणून धान्य मोजायच्या दोन जुन्या पायल्या काढल्या आणि गव्हानं काठोकाठ भरल्या. पहिल्या दिवशी हात वर नेताना अर्धे गहू डोक्यावर. "चांगलं हाय," ते केस झटकत म्हणाले, "वजन आपोआप कमी होऊन राह्यलं."

पँट मी शिवली. नानांनी निळं टेरिकॉट आणून दिलं आणि बजावलं, "नाडी टाक. त्या इलास्टिकवर माया भरोसा नाही. अन् खिसा पाह्यजे."

"व्यायामाला खिसा कशाला नाना?"

"चष्मा कुठी ठेवू? मास्तरच्या टेबलावर?"

पहिल्याच बैठकीला ती पँट मागून फाटली. माप मीच घेतलं होतं. नाना भिंतीला पाठ लावून खोलीत सरकले आणि दाराआडून म्हणाले, "तुयी शिलाई पक्की हाय वं. कापडच कमजोर निघालं." दुकानदाराशी भांडूनही आले.

मोबाइलमधल्या मास्तरशी त्यांचं रोज बोलणं. तो पोरगा हसतमुख, दंड फुगलेले, घाई फार. नाना त्याला थांबवत राहायचे. "थांब ना बे! पाय कोनाचा हाय, तुया का माया?" तो "व्हेरी गुड" म्हणाला की नाना खूश व्हायचे. एखाद्या दिवशी व्यायाम चुकायचा आणि तरीही तो "व्हेरी गुड" म्हणायचा. मग नाना माझ्याकडे बघायचे. "पोरगं मनाचं चांगलं हाय, पन लक्ष नाही."

एकदा मी चहा घेऊन गेले तर नाना एका पायावर उभे, दुसरा पाय हवेत, घामानं डबडबलेले. मोबाइलवर सिमेंटची जाहिरात चालू.

"नाना, पाय खाली घ्या की!"

"मास्तरनं सांगतलं नाही. अन् हा सिमेंटवाला कोन हाय मंधात? त्याले काढ वं माय पटकन, माया पाय चालला!"

समोरचे गुरुजी रोज फाटकातून चिडवायचे. "काय नाना, या वयात नवरदेव व्हाचं हाय काय?"

"व्हाचं हाय. पोरगी पाह्य. बाकी कायी नको, तिले खालून उठता आलं पाह्यजे."

हळूहळू ब्लाउज टाकायला आलेल्या बायकाही ओसरीवर थांबायला लागल्या. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची कंबर. नानांनी त्यांना लाभापासून शिकवायला घेतलं. मास्तरचा आवाज बंद, चित्र चालू, मोजणी नानांची. "गंगूबाई, वाकाचं म्हनलं, पडाचं नाही! चार!" त्या ओसरीवर सकाळी एवढा हशा व्हायचा की माझी मशीन ऐकू येईना.

संध्याकाळी मात्र हजेरी गंभीर. नाना केस विंचरून, निळी पँट घालून बसायचे. मोबाइल मी धरायची. सुनंदाताई कामावरून दमून आलेल्या असायच्या, तरी एकेक प्रकार करून घ्यायच्या. "बाबा, गुडघा सरळ. बाबा, श्वास सोडा. जेवले काय? भाजी कोनती?" पहिले महिनाभर नाना भिंत धरून उठायचे. मग एक हात टेकून. मग नुसती बोटं.

आखाजीच्या दिवशी आंब्याचा रस झाला, घागर पुजून झाली आणि फोन आला. नाना पोत्यावर मांडी घालून बसले. हात छातीवर बांधले. डोळे मिटले. पुढे झुकले आणि, काय सांगू, भरलेलं पोतं हमालानं एका झटक्यात उचलावं तसे स्वतःच स्वतःला उचलून उभे राहिले. ओसरीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिकडे सुनंदाताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"जिंकले बाबा तुमी. आता माया जिवाले घोर नाही. आता रोज रोज फोन कायले करू? रविवारी बोलत जाऊ निवांत."

"हो हो," नाना म्हणाले, "तुले कामं काय कमी हायेत?"

त्या रात्री मी किती दिवसांनी शांत झोपले.

रविवारचा फोन दोनदा आला. तिसऱ्या रविवारी ताईंना काम निघालं. नानांचा व्यायाम चालूच होता, उलट पायल्यांच्या जागी गव्हाचे डबे आले होते. पण संध्याकाळ झाली की ते केस विंचरायचे, निळी पँट घालायचे आणि मोबाइल कोनाड्यात उभा करून समोर बसायचे. मी काही विचारलं नाही तरी सांगायचे, "आज रेंज नाही वाटते."

मी म्हटलं, "आपणच लावूया की फोन."

"कामाच्या मानसाले बिनकामाचा फोन करू नये वं माय."

परवा सकाळी मला मशीन खिडकीजवळ हवी होती, तर नानांनी ती स्टँडसकट एकट्यानं उचलून नेली. धापही लागली नाही. आणि त्याच संध्याकाळी ते मला म्हणाले, "सुनंदाले लाव फोन. काम हाय."

मी फोन लावला, त्यांच्यासमोर धरला. नाना पोत्यावर बसले. हात छातीवर बांधले, पुढे झुकले आणि मागे बसले. पुन्हा झुकले. पुन्हा बसले.

"नाही वं जमत, सुनंदा."

"अवो बाबा! काय झालं? कवापासून? हात टेका, हात टेका आधी!" ताईंनी तोंड मोबाइलजवळ आणलं. मग त्यांनी मला विचारलं, "ताई, खरंच नाही का उठता येत त्यांना? मी येऊ का न्यायला?"

सकाळी नानांनी उचललेली मशीन खिडकीजवळ होती, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. खरं काय ते बोलले असते तर माझी खोली पक्की होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मोबाइलमधल्या लेकीकडेच बघत होते.

मी म्हटलं, "न्यायला नको ताई. थोडं अवघड जातंय एवढंच. रोज तुम्ही समोर असलात की करतात ते बरोबर."

तिकडे ताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"बरं," सुनंदाताई म्हणाल्या. "मंग उद्यापासून रोज. सात वाजता. अन् बाबा, पुन्हा पहिल्यापासून करू. घाई नाही कराची."

"नाही करत," नाना म्हणाले. "जेवली काय तू? भाजी कोनती?"