सदाफुलीच्या व्यापक हितासाठी

बेटाच्या कोरड्या दक्षिण टोकाला असलेल्या आमच्या आम्पासिमेना गावाने विहिरीसाठी केलेला अर्ज रीतसर होता. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तो मीच लिहिला. मी गावचा कारकून. शाई, शिक्का आणि खुर्ची या तिन्ही गोष्टी बाळगणारा इथला एकमेव इसम. अर्ज तीन प्रतींत होता आणि मागणी एकच होती. पाण्याची गाडी पहाटे नदीकडे निघते ती संध्याकाळी परतते, तोवर लेकरं निवडुंगाची फळं चोखत बसतात. तरी कृपया एक विहीर द्यावी.

अकरा महिन्यांनी राजधानीहून औषधी वनस्पती उत्पादकता मंडळाचे साहेब आले. त्यांचं नाव रानाइवोआरिमानाना. पोचपावतीवर ते मला दोन ओळींत लिहावं लागलं.

"विहीर कुठं खोदताय?" वोरिसोआकाकूंनी विचारलं. काकूंची घरामागे सदाफुली आहे. पाला तोडून, वाळवून व्यापाऱ्याच्या ट्रकवर चढवायचा, हा त्यांचा धंदा. आणि घरात सुनेचं दोन महिन्यांचं बाळ.

"खोदायला नाही, अभिनंदन करायला आलोय," साहेब म्हणाले. "तुमच्या पाल्यात अल्कलॉइड इतर गावांच्या दुप्पट निघालं. का, सांगा बरं?"

"आम्ही सावलीत वाळवतो."

"छे! तुमच्याकडे पाणी नाही म्हणून. झाडाचा जीव कासावीस झाला की ते स्वतःला वाचवायला विष तयार करतं. त्याच विषाचं परदेशात औषध होतं, पोरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर. पाणी मिळालं की झाड सुस्तावतं."

"अहो, पण पाणी आम्हाला हवंय. झाडानं कुठं मागितलंय?"

"तेच तर! ते मागत नाही. शिका काहीतरी त्याच्याकडून."

अर्जावर शेरा पडला: 'सदरहू विहीर उत्पादनविरोधी असल्याने सदाफुलीच्या व्यापक हितासाठी नामंजूर.' वाचून माझं डोकं फिरलं. आणि खोटं कशाला बोलू, भाषेचा थोडा हेवाही वाटला.

शेऱ्यापाठोपाठ ओलावा प्रतिबंधक नियमावली आली. पाण्याची गाडी सदाफुलीपासून दोनशे पावलं लांब ठेवावी. आता आमच्याकडे सदाफुली कुठं उगवत नाही? अंगणात, वाटेवर, कुंपणाच्या फटीत. म्हणजे गाडीनं गावाबाहेरच थांबायचं आणि घागरी डोक्यावरून आणायच्या, त्याही झाकून. काकूंनी बाळाला उंबऱ्याशी अंघोळ घातली, तर नोटीस आली: 'शेजारील झाडास अनुचित आराम पोहोचविल्याबद्दल.'

"बाळाला कुठं धुऊ मग?" काकूंनी मला विचारलं.

"नियमावलीत बाळाचा उल्लेख नाही," मी म्हणालो. माझी मलाच लाज वाटली, पण उल्लेख खरंच नव्हता.

आणि मार्चमध्ये कहर झाला. पाऊस पडला. सलग दोन दिवस. गावानं पातेली, टोप्या, मोडका नगारा, हाताला लागेल ते भरून ठेवलं. पोरं चिखलात लोळली. पुढच्या तपासणीत अल्कलॉइड घसरलं आणि गावाला कारणे दाखवा नोटीस मिळाली: पूर्वपरवानगीशिवाय पाऊस का पडला? मी नम्रपणे कळवलं की यात गावाचा हात नाही. उत्तर आलं, 'हात नसल्याचा पुरावा जोडावा.'

शेवटी विहिरीच्या अर्जावर सुनावणी ठरली. साहेब चिंचेखाली येऊन बसले. गावातर्फे बोलणार सर्वांत वडील, मासिनांद्रोआजोबा. काकूंनी त्यांना आठ दिवस पढवलं होतं. पाणी नाही, बाळाच्या अंगावर फोड उठलेत, विहीर द्या. एवढंच बोला, आजोबा, गुरांचं आजारपण काढू नका.

साहेबांनी विचारलं, "काय खबर, आजोबा?"

आता आमच्याकडे याला उत्तर एकच. घरात मढं पडलेलं असलं तरी पाहुण्याला आधी सांगायचं, 'काही वाईट नाही.' मग चटई, मग तंबाखू, आणि मग मढ्याची गोष्ट. एकदम रडगाणं सुरू करतो तो अडाणी.

"काही वाईट नाही," आजोबा म्हणाले आणि तंबाखूची डबी काढू लागले.

साहेबांनी लिहून घेतलं: 'काही वाईट नाही.' वही मिटली, आजोबांचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

"अहो साहेब, थांबा!" काकू ओरडल्या. "ही तर नुसती रीत झाली! खबर अजून सांगायचीय! तुम्हीही याच मुलखातले ना? तुमच्या आईच्या दारात काय म्हणता?"

"तेच म्हणतो, बाई. पण आई लिहून घेत नाही."

आजोबा हातात उघडी डबी घेऊन तसेच बसून राहिले.

महिन्याभरात गावाच्या तोंडाशी पाटी लागली: 'आदर्श टंचाई ग्राम'. समारंभ झाला. पाहुणे बाटलीतलं पाणी प्यायले आणि अर्ध्या भरलेल्या बाटल्या, नियमाप्रमाणे, सील करून परत घेऊन गेले. आमच्या चिवटपणावर भाषणं झाली. एक पाहुणे तर गहिवरले.

काकू बाळाला घेऊन पुढे गेल्या. फोड आता मानेपर्यंत आले होते.

"साहेब, एक विचारते. झाडाचे हाल झाले की औषध होतं. आमचे हाल झाले की काय होतं?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "अहवाल," ते म्हणाले. "आणि फार वाचनीय होतो. राजधानीत लोक शेवटपर्यंत वाचतात."

तेव्हा मला त्या माणसाचा असा संताप आला होता की सांगता सोय नाही. नंतर कळलं, तो चुकीचं काही बोलला नव्हता. पलीकडच्या गावाला गेल्या वर्षीच विहीर मिळाली. तिला गोड पाणी लागलं, सगळे सुखात आहेत. मी त्यांचीही गोष्ट लिहून तीन ठिकाणी पाठवली, कुणी पहिल्या पानापुढे गेलं नाही. ही मात्र तुम्ही इथवर वाचलीत. आवडली असेल तर तसं कळवू नका. मंडळ ते विहिरीच्या फाइलीला जोडतं, नामंजुरीच्या शेऱ्याखाली.