यशराजचं बिनटाक्याचं ऑपरेशन

ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी यशराज चालत घरी आला, इथंच सगळं बिनसलं. मांडीच्या हाडात शेंगदाण्याएवढी साधी गाठ होती, पण तिनं वर्षभर त्याची झोप उडवली होती. डॉक्टरांनी भूल दिली, सीटी स्कॅनवर बघत बघत सुई हाडापर्यंत नेली आणि तिचं टोक तापवून गाठ जागच्या जागी जाळली. मांडीवर उरली ती एक इवलीशी चिकटपट्टी.

बयाबाई आत्तीला ती बघवेना. "आरं, हातकणंगल्यासनं माणसं शहाळी घेऊन बघाय येणार. त्यास्नी हे दाखवायचं व्हय?"

"आत्ती, जखमच एवढी हाय."

"गप बस!" म्हणत तिनं मांडीपासून घोट्यापर्यंत क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पाय दोन उशांवर चढवला.

पाहुणे अगदी समाधानानं हळहळले. बाहेर पडल्यावर प्रत्येकानं फोन लावले. पहिल्या फोनात हाड मोडलं, दुसऱ्यात सळी बसली, आणि दोन दिवसांनी बातमी कुरुंदवाडला पोचली तेव्हा यशराजचा पाय गुडघ्यापासून गेलेला होता. कुरुंदवाडात राजनंदिनी होती. पंधरा दिवसांपूर्वीच दोघांची सुपारी फुटली होती. त्या दिवशी तिचा फोन सकाळपासून बिझी लागत होता, आणि सोयरीक मोडतेय या भीतीनं यशराज पार गळाठला. त्या गाठीनंही त्याला इतकं छळलं नव्हतं.

दुपारी तिचे वडील आकारामअण्णा दारात हजर. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "पट्टी सोडा. मला पाय बघायचाय."

यशराजनं पट्टी सोडायला घेतली. बराच वेळ सोडतच राहिला. शेवटी आतून धडधाकट पाय निघाला आणि तो त्यावर उभा राहिला.

"मामा, सुईनं गाठ जाळली, बाकी काय न्हाय. पाया पडतो, लगीन मोडू नका."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. "मोडतोय कोण? पर घोटाळा केलासा की! सकाळी भर चौकात बोललोय मी, पाय गेला तर जाऊ दे, शब्द दिलाय, पोरगी देणार! लोकांनी हार घातला मला. पोरीला तर सकाळपासनं कौतुकाचं फोन याय लागल्यात."

आत्ती खाली मान घालून उभी होती. अण्णांनी उठून दाराला कडी घातली आणि बँडेजचं टोक तिच्या हातात दिलं.

"गुडघा मुडपून नीट गुंडाळा. भाईर गाडीत चौकातलं आठ जण बसल्यात."