मेणकापडाचे आयुष्य आणि अकराशे बंदांचा ग्रंथ

श्री. बुडत्यास तीर देणारा जो एक, त्यास दंडवत करून, जे घडले ते काही ऐकिले आणि काही डोळां देखिले तैसे लिहितो. राज्याभिषेकाचे सत्ताविसावे वर्ष, विलंबी नाम संवत्सर, भाद्रपद मासी थोरल्या नदीस पूर आला आणि दक्षिण तीरीची एकोणीस गावे पाण्याखाली गेली, आणि लोक गुरे घेऊन माळावर येऊन बसले. त्या समयी सरकारच्या मदतकोठीचे कारभारी चिमणाजी रुद्र होते. संकटात पडल्या रयतेस काय वस्तू द्यावी, कोठून घ्यावी, कैसी धाडावी, हे सर्व त्यांजकडे. वय साठीचे, गुडघे धरलेले, बोलणे थोडे. त्यांनी निवाऱ्यासाठी बंदरावरून पातळ मेणकापड मागविले, आणि ते लवकर आले, आणि लोकांनी बांबूवर ताणून खाली संसार मांडिला. मग पौषात कापड फाटले. मग माघात अवकाळी पाऊस होऊन लोक भिजले, आणि चिंध्या उडोन नाल्यात साचल्या, नाला तुंबला, आणि कित्येक गुरांनी चिंध्या खाऊन पोट फुगोन प्राण सोडिला. हे वर्तमान हुजुरांस कळले तेव्हा बहुत खेद जाहला, आणि आज्ञा जाहली की, यापुढे कोठीने वस्तूची किंमत मात्र पाहून घेऊ नये. ती कशाची जाहली, किती लाकूड जाळून जाहली, किती गाड्यांनी आली, किती दिवस टिकली आणि मोडल्यावर कोठे गेली, ऐसे जन्मापासून मरणापर्यंतचे तिचे आयुष्य पाहावे आणि मग घ्यावी.

या कामी विरूपाक्षशास्त्री म्हणोन एक विद्वान नेमिले. माणूस सच्चा, कामाचा भोक्ता. त्यांनी दोन वर्षे खपून मेणकापड, तागाचे पट, कांबळी, हंडे, चुली, ऐशा चाळीस वस्तूंचे आयुष्य लिहिले, आणि ग्रंथ अकराशे बंदांचा, म्हणजे तितक्या लांब कागदांचा, जाहला, आणि तो दोघांनी उचलून कोठीत आणिला. दरबारात शास्त्रीबोवांस शालजोडी मिळाली. चिमणाजींनी ग्रंथास हात जोडिले आणि तो फडताळात ठेविला, कारण फुरसत नव्हती.

मग प्लव नाम संवत्सरी भाद्रपदात नदी पुन्हा आली. तीच गावे, तोच माळ. चिमणाजींनी ग्रंथ काढविला आणि दोन प्रहर बंद चाळिले आणि काही ठरेना, तेव्हा शास्त्रीबोवांस बोलाविले आणि म्हणाले, “सूर्य मावळण्याआधी पत्र गेले पाहिजे. मेणकापड घ्यावे की तागाचे पट, इतकेच सांगा.”

शास्त्री म्हणाले, “ते बहुत गोष्टींवर आहे. लाकूड कोणते जाळिले, गाडी परतताना रिकामी आली की भरून आली, हे कळल्याविना निश्चय होत नाही. सहाशे बासष्टाव्या बंदापासून पाहावे.”

“लोक उघड्यावर आहेत, शास्त्रीबोवा.”

शास्त्री पुन्हा बंद चाळू लागले. मग चिमणाजींनी बंदरास पत्र लिहून पूर्वीचेच मेणकापड मागविले, कारण ते ठाऊक होते, आणि ते येईल इतका भरवसा होता. परंतु शास्त्रीबोवांचे मन त्या दिवसापासून स्वस्थ राहिना. गाड्या निघाल्या तेव्हा तेही चिमणाजींबरोबर माळावर गेले.

माळावर साळू बुरडीण म्हणोन एक बाई होती, टोपल्या-सुपे विणून पोट भरणारी, दोन्ही पुरांत घर गेलेली. तिने गाडीवरचे कापड पाहिले आणि चिमणाजींस म्हणाली, “ह्येच आणलंत व्हय, धनी, पुन्यांदा?”

चिमणाजी म्हणाले, “हेच आणिले, बाई.”

“माझी सासू ह्याच्याखाली गेली. माघात भिजली, थंडी भरली, पाचव्या दिवशी गेली.” हे ती रागाने बोलिली नाही, आणि त्यामुळे चिमणाजींस अधिक लागले. ते गाडीच्या दांडीवर बसले.

मग शास्त्रीबोवांनी विचारिले की, कापड किती दिवस टिकले. साळू म्हणाली, “चार म्हयनं. धड चारबी न्हाई.” शास्त्रीबोवांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मी बारा लिहिले आहेत.” चिमणाजींनी विचारिले, “कोणी सांगितले?” “व्यापाऱ्याने. आणि माझा सगळा हिशेब त्या बारावर उभा आहे.”

साळूने जुन्या कापडाचा तुकडा आणून दाखविला. मधले कापड धड होते. दोरी ओवण्याची भोके मात्र ओढीने फाटत गेली होती. ती म्हणाली, “टोपलीला काठ न्हाई वळला तर टोपली उसवती. ह्याला काठच न्हाई. कडंला दोरी घालून दुमडून शिवा, मंग बगा.” शास्त्रीबोवांनी ते लिहून घेतले, आणि मग आठ दिवस पालोपाल हिंडून विचारीत राहिले, आणि असलेल्या कापडास काठ शिवविण्यास सुया आणि दोरी मागविली, आणि साळूने बायका जमवून निम्मे कापड शिवविले. बाकीचे माघाआधी फाटले.

परतताना वाटेत शास्त्री म्हणाले, “ग्रंथ पुन्हा लिहितो.” चिमणाजी म्हणाले, “लिहा. पण एक ध्यानी धरा. तो वाचणारा तीन दिवसांचा जागा असतो, दारात गाड्या उभ्या असतात, आणि त्यास आपल्याइतके शास्त्र येत नाही. थकल्या माणसास वाचता येईल ऐसे लिहा.”

मग शास्त्रीबोवांनी दर वस्तूस एकच बंद केला. वर ठळक अक्षरी, काय घ्यावे. खाली, कोणत्या प्रसंगी दुसरे घ्यावे. मग व्यापाऱ्यास धाडण्याच्या मागणीपत्राचा मजकूर तयार, त्यात काठ, दोरी आणि फाटके परत नेण्याचा करार. टिकण्याचे दिवस माळावर विचारून लिहिलेले, आणि जेथे ठाऊक नाही तेथे ‘ठाऊक नाही’ ऐसे लिहिलेले. दरबारातील पंडित हसले की, दोन वर्षांची विद्या एका बंदावर आणिली. शास्त्रीबोवा पुढचा बंद लिहीत राहिले.

शोभन नाम संवत्सरी तिसरा पूर आला. चिमणाजींस ज्वर होता. त्यांनी मेणकापडाचा बंद हाती घेतला, एकदा वाचिला, आणि घटकेत पत्र रवाना जाहले. काठाचे कापड आले आणि माघ काढिला आणि वैशाखही काढिला. परंतु एका व्यापाऱ्याने दोन गाड्यांत बिनकाठाचे घातले आणि गडबडीत कोणी पाहिले नाही, आणि दोन गावांचे लोक पुन्हा भिजले. चिमणाजींनी बंदाच्या तळाशी स्वहस्ते लिहिले, ‘माल उतरण्याआधी काठ हाताने ओढून पाहावा’, आणि ज्येष्ठात कामावरून रजा मागितली. निघण्यापूर्वी ते माळावर गेले. लोक गावी परतत होते आणि कापडे घडी घालून बैलांवर लादीत होते, नाल्यात एकही चिंधी नव्हती. साळूने त्यांस पाणी दिले. ते पिऊन ते काठी टेकीत उठले.

सारांश, तीन पूर जाहले, एक ग्रंथ मोठा जाहला आणि मग लहान जाहला, सतरा गावांचे लोक कोरडे राहिले आणि दोन गावांचे राहिले नाहीत. चिमणाजी रुद्र पुढे दोन वर्षांनी वारले. बंद कोठीत आहे, त्याची कड हात लागून काळी जाहली आहे. लेखनसीमा.