नाक दाखव, मग बस

तात्यांची शाळेची रिक्षा दारात आली की आमच्या कोन गावातली पोरं दप्तराच्या आधी नाक पुढे करायची. तात्या खाली उतरायचे, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घ्यायचे आणि एकेकाचं नाक निरखायचे. "नाक दाखव, मग बस." ज्याचं नाक वाहतंय किंवा ज्याला ठसका लागलाय तो जागच्या जागी बाद. आईने कितीही गयावया केली तरी उत्तर ठरलेलं. "आज गाडीन न्हाय. बरा झाल्यावर बघू."

शेजारची शबाना वडपे गावातल्या गोदामात पॅकिंगला जायची. तिच्या धाकटीला एकदा त्यांनी असंच परत केलं. शबाना म्हणाली, "तात्या, जरासा जुकाम है बस."

"जुकाम जरासा हाय, तर पोरगी पन जराशीच हाय ना," तात्या म्हणाले आणि गिअर टाकला.

दुसरं वेड हवेचं. ऐन थंडीत कल्याण-भिवंडी रस्त्यावरून सगळ्या शाळेच्या रिक्षा पडदे पाडून जायच्या. तात्यांच्या रिक्षाला पडदेच नव्हते, काढून टाकलेले. पोरं कानटोप्या घालून एकमेकांना चिकटून बसायची. आयांनी तक्रार केली की म्हणायचे, "सोटर घाला दोन. हवा खेलू दे."

शाळेच्या गॅदरिंगला तर कहरच झाला. सिंहासनावर बसलेल्या राजाला भर दरबारात खोकल्याची उबळ आली. मागच्या रांगेतून तात्या उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "राजाला घरी न्या. त्याला बरा न्हाय." मांडवभर हशा पिकला. राजाही हसला, आणि हसता हसता आणखी खोकला. मुख्याध्यापिका बाईंनी तात्यांना हाताला धरून बाहेर नेलं. बाहेर जातानाही ते मागे वळून राजाकडेच बघत होते.

एवढी तपासणी करून त्यांना कळायचं मात्र काही नाही. गणिताची चाचणी असली की निम्मी रिक्षा खोकायला लागायची. माझी आर्या यात पटाईत. ती दारात येऊन दोनदा घसा खरवडायची, तात्या गंभीर व्हायचे, तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि मला सांगायचे, "वयनी, पोरीला झोपू दे." मग मी वळ गावातल्या माझ्या ऑफिसात फोन करून उशिरा येते म्हणून सांगायची आणि आर्या आत जाऊन बिस्किटं खायची. गावात त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे, ते काही कौतुकाने नव्हे.

त्या हिवाळ्यात गावात घरोघरी तापाची साथ आली. सर्दी, ताप, अंगदुखी. फ्लू आहे, चार दिवसांत जाईल, असं सगळेच म्हणत होते आणि बहुतेकांचा गेलाही. आर्याला ताप आला तेव्हा मीही तेच म्हटलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. रविवारी सकाळी ती उठली तीच धापा टाकत. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. दोन शब्द बोलली की थांबत होती. मिस्टर ट्रकबरोबर नाशिकला गेलेले. मी तिला उचलून बाहेर आले तर समोर तात्या रिक्षा पुसत होते.

त्यांनी तिचं नाक बघितलं नाही. काही विचारलंही नाही. फडकं तिथेच टाकून त्यांनी रिक्षा सुरू केली. कल्याणपर्यंत ते एकच सांगत होते. "बसती धर तिला, वयनी. आडवी नको करू."

लहान मुलांच्या हॉस्पिटलात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. "तुम्ही याला फ्लू म्हणता, पण असा ताप बऱ्याच वेगवेगळ्या विषाणूंनी येतो," त्या म्हणाल्या. "हिच्या छातीत उतरलाय. वेळेवर आणलंत."

तात्या माझ्या मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "बाई, हिला कोनाकडना लागला आसंल?"

"ते नाही सांगता येणार. शाळा, घर, बाजार, कुठूनही."

"गाडीतना?"

"गाडीतूनही असू शकतो. पण ते शोधून काय करणार, काका? कोणाचा दोष नसतो यात."

तात्यांनी मान हलवली. डॉक्टरीण बाई गेल्यावर ते बाकावर बसले. "त्या टायमाच्या डॉक्टरनी पन आसाच सांगितला," ते म्हणाले.

मग त्यांनी मला परीबद्दल सांगितलं. परी त्यांची नात, तीन वर्षांची; आम्ही कोनला यायच्या आधी मुलगा-सून त्यांच्याजवळच राहायचे. शाळेत जायचं वय नव्हतं, पण रोज सकाळी तात्यांच्या पुढ्यात बसून ती रिक्षाची फेरी मारायची. पोरं 'परी परी' करून तिचे गाल ओढायची. एका थंडीत अशीच साथ आली. अर्धी पोरं खोकत होती, आणि गार वारा लागू नये म्हणून तात्यांनी रिक्षाचे पडदे घट्ट बांधले होते. आठवड्याभरात परीला ताप आला. छातीत उतरला. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, मशीनवर ठेवलं, पण परी परत आली नाही.

"पडदं मीच बांधलं," तात्या म्हणाले.

आर्या बरी झाली. घरी सोडलं त्या दिवशी तात्याच न्यायला आले. कल्याणातच एका इमारतीसमोर त्यांनी रिक्षा थांबवली. "इथं मुलगा र्‍हातो. जरा बघून येतो," म्हणाले, पण फाटकापर्यंतही गेले नाहीत. फाटकापासून काही पावलं अलीकडे, रिक्षाजवळ उभं राहून त्यांनी फोन केला.

जिन्यावरून त्यांची सून खाली आली. कडेवर नुकतं चालायला लागलेलं बाळ. परीनंतर त्यांना मुलगा झालाय, हे मला तेव्हा कळलं.

"बाबा, वर या ना. चहा ठेवलाय."

"नको. दिसभर पोरांत आसतो मी. आज तर हॉस्पिटलातना आलो."

"मग अंघोळ करून या. उद्या या. रविवारी या." सून माझ्याकडे वळली. तिने आवाज चढवला नव्हता, पण तिचे डोळे भरले होते. "आम्ही यांना कधी एक शब्द बोललो नाही, ताई. तुम्ही तरी सांगा. बाळ चालायला लागलं, पण यांनी त्याला अजून हातात घेतलं नाही."

तिने बाळाला फाटकाशी उभं केलं. ते आजोबांकडे बघून हसलं आणि दोन्ही हात पसरून डुलत डुलत निघालं. तात्या तेवढीच पावलं मागे सरकले. पाठ रिक्षाला टेकली तसे ते उकिडवे बसले, गळ्यातला पंचा नाकातोंडावर ओढून घेतला आणि पंच्याआडून त्याच्याशी बोलू लागले. "आला का माझा सोन्या. चालतो का. जेवला का." बाळ त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन उभं राहिलं आणि उचलून घ्या म्हणून हात वर करू लागलं.

मी रिक्षात आर्याला धरून बसले होते. तिथून मला तात्यांची पाठ दिसत होती. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घेतले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.