मीठतज्ज्ञ आणि लाल दिवा

एका जंगलात, बाळांनो, एक गाढव राहत होतं. फार हुशार होतं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण ते गाढव म्हणजे मीच. हसू नका. पुढे हसायला भरपूर जागा आहे.

पलीकडच्या जंगलात झाला म्हणून आम्हीही पोहण्याचा तलाव बांधला. निळ्या फरशीचा. त्याला एक यंत्र बसवलं. पाण्यात थोडं मीठ टाकायचं, की यंत्र त्यातूनच क्लोरीन बनवायचं आणि पाणी स्वच्छ राहायचं.

आम्हाला ती चैन होती. हत्तीणबाईंना गरज होती. त्यांचे गुडघे गेले होते आणि नदीचा उभा काठ त्यांना उतरवत नव्हता. रोज सकाळी त्या तलावात अंग सैल सोडायच्या, तेव्हा कुठे दिवसभर चाऱ्यासाठी हिंडता यायचं.

यंत्र सांभाळायला तज्ज्ञ हवा होता. अध्यक्ष रानडुक्कर म्हणाले, "याच्या सात पिढ्यांनी मिठाच्या गोण्या वाहिल्यात. आणखी काय पाहिजे?"

झालो मी मीठतज्ज्ञ.

एके दिवशी यंत्रावर लाल दिवा लागला. खाली लिहिलं होतं, 'मीठ कमी'. मी गोणीभर मीठ ओतलं. दिवा तसाच. आणखी ओतलं. दिवा तसाच. पाणी मात्र हिरवं झालं आणि वास मारू लागलं. तलाव बंद करावा लागला.

"गर्दभराव," हत्तीणबाई म्हणाल्या, "झाकण उघडून आत बघितलंत का?"

"बाई, अनुभव असला की आत बघावं लागत नाही," मी म्हणालो आणि पुढची गोणी उचलली.

खरं सांगू? आत काय असतं हे मला ठाऊकच नव्हतं. झाकण उघडलं असतं, तर ते सगळ्यांना कळलं असतं.

हळूहळू हत्तीणबाईंचं हिंडणं थांबलं. एका सकाळी त्या तलावाच्या काठाशीच आडव्या झाल्या. हत्ती आडवा होऊन उठेनासा झाला, की पुढे काय होतं हे जंगलात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी घाबरलो. मला 'गर्दभराव' म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीचे नुसतं गाढव म्हणायचे, आणि तेही काही चूक नव्हतं.

तेवढ्यात वानरीणकाकू लिंबं घेऊन आल्या.

"दृष्ट लागलीय यंत्राला! पलीकडची मंडळी बघून गेली ना, तेव्हाच म्हटलं होतं मी. झाकण काढा. दृष्ट आत बसलीय."

दृष्ट काढायला झाकण उघडण्यात कमीपणा नव्हता. मी लगेच उघडलं.

आत पत्रे होते. त्यांवर पांढरा थर चढला होता. आंघोळीच्या बंबात चढतो ना, तसाच क्षाराचा. त्या थरामुळे यंत्राला पाण्यातलं मीठ कळतच नव्हतं आणि क्लोरीनही बनत नव्हतं. गोणी ओतली काय अन् समुद्र ओतला काय, ते आपलं 'मीठ कमी, मीठ कमी' म्हणत बसलं होतं.

काकूंनी लिंबं कापून पत्र्यांवर पिळली. फस्स करून फेस आला.

"निघाली! दृष्ट निघाली!" सगळे ओरडले.

मी गंभीरपणे मान हलवली. "लिंबू माझ्या मनात होतंच," म्हणालो.

थर विरघळला. लाल दिवा विझला. टाळ्या पडल्या. आणि लगेच शेजारचा दिवा लागला. तो मी कधी पाहिलाच नव्हता. खाली लिहिलं होतं, 'मीठ फार जास्त'.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आभाळाकडे बघू लागलो.

खारट पाणी उपसून नदीचं गोडं पाणी भरल्याशिवाय यंत्र चालेना. उपसायला सोंड एकच होती. हत्तीणबाईंनी पडल्या पडल्या सोंडेनं पाणी उपसलं. धापा टाकत, माझं मीठ बाहेर फेकत. मला तोंड कुठे लपवावं कळेना. मी मदतीला पुढे झालो.

"गर्दभराव," त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आता नुसते उभे राहा. काही करू नका."

मी उभा राहिलो. बाकीच्यांनी नदीचं पाणी आणून भरलं, यंत्र सुरू झालं. पाणी निवळलं. हत्तीणबाई सरपटत आत उतरल्या आणि त्यांनी डोळे मिटले. नुसतं उभं राहणं हेच माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत उपयोगी काम, असं अध्यक्ष अजूनही भाषणात सांगतात.

तात्पर्य : यंत्र बिघडलं तर झाकण कधीही उघडू नये. आतला बिघाड सापडतो, आणि मग बाहेरचा सापडायला वेळ लागत नाही.